वाचक विचारतात : मुलांचं बोलणं आणि घरची भाषा

प्रश्न : धारणी तालुक्यात माझी अंगणवाडी आहे. तीन वर्षांचा एक मुलगा चार महिन्यांपासून येतोय, पण एक शब्द बोलत नाही. घरी सगळे कोरकू बोलतात, मी मराठी आणि थोडं हिंदी. घरच्यांनी त्याच्याशी मराठीत बोलावं, असं सांगू का?
– अंगणवाडी सेविका, मेळघाट

उत्तर : मुळीच सांगू नका. आईला कोरकूत जितकं भरभरून बोलता येतं, तितकं मराठीत येत नाही. भाषा बदलली की ती 'ये, जा, बस' एवढ्यावरच थांबेल आणि मुलाच्या कानावर पडणारं बोलणंच आटेल. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं, हा समज चुकीचा आहे. भाषेची खरी अडचण असेल, तर ती घरच्या भाषेतही दिसतेच.

म्हणून आधी त्याची कोरकू कशी आहे ते बघा. नव्या भाषेत आलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतं; घरी मात्र भावंडांशी भांडतं, हट्ट करतं. आईला 'बोलतो का?' असं विचारलंत तर 'हो' एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा : भूक लागली की काय म्हणतो? दोन-तीन शब्द जोडतो का? शेजाऱ्यांना त्याचं बोलणं कळतं का? याच वयात त्याचा मोठा भाऊ कसा बोलायचा? यातला शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण घर तेच आणि भाषाही तीच.

दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नास शब्द असावेत आणि त्यानं दोन शब्द जोडायला लागावं. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले धरा. वर्ष झालं तरी नावाला ओ नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोट दाखवून काही मागत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर वाट बघत बसू नका.

श्रवणाची तपासणी हवीच. थाळी वाजवली आणि मूल दचकलं, म्हणजे कान चांगले असं ठरत नाही. मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांच्या यादीत या मुलाचं नाव घाला आणि पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी मागून घ्या.

तोवर घरी काय करायचं, तेही सांगतो. आई दिवसभर कामावर आणि मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर असेल, तर शिकवायचं बहिणीलाच. आजी असेल तर तिलाही. अंघोळ, जेवण, पाणी भरणं अशा रोजच्या कामांत दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं पुरतात. दोन वस्तू समोर धरायच्या, 'हे की ते?' विचारायचं आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचं. सगळे चुकतात ते इथेच : दुसऱ्या सेकंदाला वस्तू हातात देऊन टाकतात. मूल एक शब्द म्हणालं, की त्यात एक जोडून परत म्हणायचं. 'हे काय? ते काय?' अशी परीक्षा घेतली, की ते आणखी मिटतं.

प्रश्न : मी नव्यानं वाचा-उपचार करू लागले आहे. नंदुरबारमधली मुलं पावरी बोलतात. मराठीतली भाषेची चाचणी दुभाष्याकडून पावरीत करून घेतली, तर गुण धरावेत का?
– एक उपचारतज्ज्ञ

उत्तर : धरू नका. भाषांतर झालं की शब्दांची काठिण्यपातळी बदलते, आणि मूळ गुणांचे निकष ज्या मुलांवरून ठरले ती मुलं वेगळी. चित्रांचंही तेच : ज्यानं फ्रिज पाहिलेला नाही, त्याला फ्रिज ओळखता न येणं हा दोष नव्हे.

त्याऐवजी शिकवून बघा. चार-पाच नवे शब्द खऱ्या वस्तूंसह वीस मिनिटं शिकवा आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारा. किती राहिले, किती मदत लागली, हे लिहा. शब्द माहीत नव्हता पण पटकन शिकला, तर त्याला संधी मिळालेली नव्हती. खूप मदत करूनही निसटत असेल, तर अडचण खरी असण्याची शक्यता वाढते. सोबत घरच्यांशी चाललेल्या गप्पांची साधारण पन्नास वाक्यं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा.

उच्चारांसाठी घरातल्या मोठ्या माणसांकडून तेच शब्द म्हणवून घ्या. मोठ्यांच्या तोंडी जो आवाज नाहीच, तो मुलाच्या तोंडी नसला तर ती चूक धरायची नाही.

दुभाष्याला आधी दहा मिनिटं द्या. 'मूल जसं बोललं तसंच सांगा, मोडकं असेल तर मोडकंच' हे बजावून सांगावं लागतं, कारण बहुतेक जण प्रेमापोटी वाक्य नीट करून सांगतात आणि नेमका दोष झाकला जातो. बोलताना नजर आईकडे ठेवा. दहा वर्षांच्या बहिणीला निदानासाठी दुभाषी करू नका; घरातलं काही सांगायचं असेल, तर आई तिच्यासमोर सांगणार नाही. अहवालात 'प्रमाणित गुण लागू नाहीत' असं स्पष्ट लिहा, नाहीतर पुढच्या कार्यालयात तोच आकडा खरा मानला जाईल.

प्रश्न : मुलीच्या दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया शिबिरात झाली. आता ती चार वर्षांची आहे, पण नाकातून बोलते. मेणबत्ती विझवणं आणि फुगे फुगवणं रोज करतो, तरी फरक नाही.
– एक पालक, परभणी जिल्हा

उत्तर : फुगे थांबवा. फुंकताना आणि बोलताना टाळूची हालचाल वेगळी होते, त्यामुळे फुंकण्याच्या सरावानं बोलणं सुधारत नाही. तुमचे कष्ट दुसरीकडे लागू देत.

थंड आरसा नाकाखाली धरून तिला 'पापा', 'टाटा', 'काका' म्हणायला सांगा. इथे आरशावर वाफ दिसायला नको. 'मामा', 'नाना' म्हणताना ती दिसणारच. त्याला घाबरू नका.

काही मुलं ओठांनी 'प' म्हणण्याऐवजी घशात झटका देतात. शस्त्रक्रियेआधी लागलेली ही सवय उपचारानं जाते. तिचं नाक हलकेच चिमटीत धरून, कुजबुजत 'प' म्हणवून घ्या. ओठांवर हवा साठल्याचं तिला जाणवू द्या. एकटा आवाज जमला की 'पा, पी, पू', मग शब्द, मग वाक्य. रोज दहा मिनिटं पुरेत. व्हिडिओ काढून उपचारतज्ज्ञांना पाठवलात, तर दर वेळी प्रवास करावा लागणार नाही.

जीभ-ओठ योग्य जागी लागूनही हवा नाकातूनच येत असेल, तर टाळूला भोक राहिलं आहे किंवा टाळू आखूड पडते आहे. ते कुठल्याही सरावानं भरत नाही. शल्यचिकित्सकांना पुन्हा दाखवा, आणि कानही तपासून घ्या. या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे वरचेवर पाणी साठतं.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला जातो. मुलाला दोन्ही कानांना मशीन आहे. सहा महिने कसं सांभाळायचं?
– बीड जिल्हा

उत्तर : निघण्याआधी कानातला साचा तपासून घ्या. कान वाढला की साचा सैल होतो, मशीन शिट्टी मारतं आणि मूल ते काढून फेकतं. एक सेल आठ-दहा दिवस चालत असेल, तर दोन मशीनना सहा महिन्यांत साधारण चाळीस सेल लागतील. सेलवरचा कागद वापरायच्या वेळीच काढा आणि मिनिटभर थांबून सेल बसवा. सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळले तर जिवावर बेततं. रात्री मशीन घट्ट झाकणाच्या डबीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवा. कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, चुलीजवळ नको.

रोज सकाळी मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून, ओठ न दाखवता सहा आवाज काढा : म, ऊ, आ, ई, श, स. ऐकू आला की त्यानं हात वर करायचा. काल आलेले आवाज आज आले नाहीत, तर आधी सेल बदला, मग साच्यात मळ अडकलाय का बघा, आणि तरीही नाही आले तर ज्यांनी मशीन बसवलं त्यांना फोन करा.