मंगळवारचा कागद

"निवृत्तीनंतर गावी जाऊन राहू, असं हे म्हणतात. मी नाही म्हणत नाही, पण विषय निघाला की पोटात गोळा येतो. मी स्वार्थी आहे का हो?"

अशी पत्रं मला वरचेवर येतात. कुणी बे एरियातून लिहितं, कुणी ठाण्यातून. गाव कधी साताऱ्याजवळचं असतं, कधी कोकणातलं. उत्तर लिहायला बसले की माझ्या डोळ्यांसमोर एक जोडपं येतं. ते मराठी नाही, भारतीयही नाही. तो अमेरिकन, ती थाई. ओळख पटेल असे तपशील बदलून, त्या दोघांच्या परवानगीने त्यांची गोष्ट सांगते.

तिला आपण नोय म्हणू. थाई घरांत प्रत्येकाला असं एक छोटं हाकेचं नाव असतं, पासपोर्टवरचं लांबलचक नाव सहसा कुणी उच्चारत नाही. तो रॉबर्ट. सल्ल्यासाठी माझ्याकडे आले तेव्हा तो ६४ वर्षांचा होता, ती ५५ची. लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत त्यांचं लहानसं घर आहे. तो छापखान्यात मशीन चालवतो. ती एका ड्रायक्लीनरच्या दुकानात खिडकीशी बसून कपडे मापाचे करून देते. एक मुलगी, कॉलेज संपवून नुकती नोकरीला लागलेली. रविवारी नॉर्थ हॉलिवूडच्या वाट थाईत, म्हणजे तिथल्या थाई बौद्ध मंदिरात जायचं, आवारातल्या स्टॉलवर जेवायचं, येताना आठवड्याची भाजी आणायची. चोवीस वर्षांच्या संसाराला अशी एक लय आलेली होती.

पहिल्या भेटीत रॉबर्टने जाडजूड फाइल टेबलावर ठेवली. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून थायलंडमध्ये राहायचं तर तिथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवावे लागतात किंवा महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावं लागतं. बायको थाई असेल तर ४ लाखांवर किंवा महिना ४० हजारांवर भागतं. मुक्कामाची परवानगी दरवर्षी वाढवून घ्यायची. हे सगळं त्याला पाठ होतं. नोयचं माहेर ईशान्य थायलंडमध्ये, उदोन थानी शहरापासून तासाभराच्या खेड्यात. आईच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत बांधायच्या घराचा नकाशाही त्याने स्वतःच्या हाताने काढला होता, पुढे रुंद व्हरांडा.

"माझ्यासाठी तिने चोवीस वर्षं परक्या देशात काढली," तो म्हणाला. "आता मला तिला तिच्या माणसांत न्यायचंय."

हे बोलताना त्याचा आवाज भरून आला होता. मी नोयकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो, छान आहे." थोड्या वेळाने पुन्हा, "छान आहे." निघतानाही तेच.

इथे माझी चूक झाली. मी मूळची सांगलीची. कृष्णेचा घाट आठवला की माझ्या घशात काहीतरी दाटतं. नोयच्या गप्प बसण्यात मी माझीच ओढ वाचली आणि टिपणात लिहिलं, ‘पत्नी आनंदी, व्यक्त होत नाही.’ या एका ओळीमुळे आमचे तीन आठवडे गेले.

थाई भाषेत एक शब्द आहे, क्रेंग जाय. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपलं म्हणणं गिळायचं, मागायचं असेल ते मागायचं नाही, नको असेल त्याला नको म्हणायचं नाही. इंग्रजीत तो समजावून सांगायला अर्धं पान लागतं. मराठीत सांगायला मला एकच शब्द पुरतो. भीड. नोयला नवऱ्याची भीड पडली होती. इतक्या प्रेमाने कुणी आपल्यासाठी काही मांडत असेल तर त्यावर पाणी कसं ओतायचं?

चौथ्या खेपेला मी तिला एकटीला बोलावलं. ती दुकानातून थेट आली होती. टाचण्यांची छोटी गादी मनगटावर तशीच राहिली होती. बोलता बोलता ती एकेक टाचणी काढून पुन्हा त्याच भोकात खोचत होती.

"तिकडे मी नोय नसते," ती म्हणाली. "तिकडे मी थोरली असते."

मग भडाभडा बोलली. थोरल्या मुलीवर आईवडिलांचं ऋण असतं. त्या भावनेला थाईत कतान्यू म्हणतात. हा पालीतून गेलेला शब्द, आपल्या ‘कृतज्ञ’चाच भाऊ. नोयला ते ओझं वाटत नव्हतं. आईला ती दर महिन्याला न चुकता पैसे पाठवत होती आणि त्यात तिला समाधान होतं. पण आईच्या मागे भाऊ होता, भावाच्या मोटारसायकलचे हप्ते होते, भाचीची फी होती, पावसाळ्यात गळणारं छप्पर होतं. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या बाईकडे पैसा असतोच, असं गावात गृहीत असतं. परदेशी गोऱ्याला थाईत ‘फरांग’ म्हणतात. आपला फिरंगी तोच. आणि ती गावात फरांगची बायको.

"इथून मी फोनवर ‘पुढच्या महिन्यात’ म्हणू शकते. तिथे ते दारात उभे राहतील. मी कुणाच्या आड लपू?"

थोडं थांबून तिने विचारलं, "आईजवळ राहायला नको वाटतं, म्हणजे मी वाईट मुलगी आहे का?"

स्वार्थी आहे का, असं विचारणाऱ्या सगळ्या ताईंना मी सांगते, हा प्रश्न मी उदोन थानीच्या मुलीच्या तोंडूनही ऐकला आहे. आणि नोयच्या भीतीत स्वार्थ मला कुठेही दिसला नाही. खिडकीजवळची खुर्ची, नाव घेऊन तिलाच शोधत येणारी गिऱ्हाइकं, स्वतःच्या नावाचं बँकेतलं खातं, हे सगळं तिने परक्या भाषेत, शून्यातून उभं केलं होतं. ते कुठल्या फाइलमध्ये नव्हतं, एवढंच.

पुढच्या भेटीत मी दोघांना एकेक कोरा कागद दिला. म्हटलं, तिकडे राहायला जाऊन वर्ष झालंय असं समजा. सण नाही, पाहुणे नाहीत. साधा मंगळवार. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय होतं ते लिहा. एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही.

रॉबर्टचा कागद दोन्ही बाजूंनी भरला. सहाला कॉफी, व्हरांडा, झाडांना पाणी. ‘नोय बाजारातून मासे आणेल.’ ‘नोयबरोबर इमिग्रेशन ऑफिस.’ ‘गुडघ्यासाठी डॉक्टर, नोय बोलेल.’ ‘विजेचं बिल, नोय.’ मी पेन्सिलीने खुणा करत गेले. तिचं नाव अकरा वेळा आलं होतं.

नोयच्या कागदावर तीन ओळी होत्या. साडेपाच, आईबरोबर रस्त्याच्या कडेला बसून भिक्खूंना चिकट भात. साडेसहा, आईची आंघोळ. आठ, आईचा नाश्ता. खाली काही नाही. लिहून खोडलेलं मात्र बरंच होतं. एका जागी खोडरबराने कागद इतका विरला होता की पलीकडचा उजेड दिसत होता.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. रॉबर्ट बराच वेळ वाचत राहिला. त्याने विचारलं, "नऊ वाजल्यानंतर तू काय करतेस?"

ती म्हणाली, "तुझ्या कागदात आहे ना. तुझी कामं."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं खरं बोलणं झालं. रॉबर्ट ज्या गोष्टी नियम म्हणून सांगत होता त्याच आता त्याला स्वतःला लागू करून पाहाव्या लागल्या. लांबच्या मुक्कामाच्या परदेशी माणसाने दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवायचा. परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमीन होत नाही. फ्लॅट घेता येतो, तोही इमारतीच्या ४९ टक्के क्षेत्रापर्यंतच परदेशी मालकी चालते. घर बांधलं तर जमीन नोयच्या नावावर, आणि घेताना हा पैसा तिचाच आहे असं त्याने लिहून द्यायचं. ती आधी गेली तर बायको थाई म्हणून मिळालेली परवानगीही त्या आधारावर उरत नाही.

"म्हणजे मी सतत कुणालातरी विचारत राहायचं," तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता, चकित झाला होता.

नोयने सांगितलं, "२००१ साली मी हेच केलं. बोटांचे ठसे, मुलाखत, फॉर्म. तू बाहेर बाकावर बसला होतास. आत त्यांनी मला विचारलं, नवऱ्याच्या टूथब्रशचा रंग कोणता. मला रंग माहीत होता, इंग्रजी शब्द आठवेना."

ती हे चोवीस वर्षांत कधी बोलली नव्हती. बोलण्यासारखं काय आहे त्यात, असं तिला वाटायचं. रॉबर्टने तिचा हात धरला, आणि टाचण्यांची गादी बघून थोडा वर धरला.

इथून पुढचं काम माझ्या एकटीचं नव्हतं. पैशाच्या बाबतीत मी सल्ला देत नाही, जाणकाराकडे पाठवते. तिथून ते जे शिकून आले ते मात्र सांगते, कारण अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच घरांत नेमकं हेच कुणी बोलत नाही. रॉबर्टचा जन्म १९६०चा, त्यामुळे त्याची पूर्ण सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, ६७व्या वर्षी. आधी घेतली तर कायमची कमी, ६७ नंतर थांबला तर ७० पर्यंत दर वर्षाला ८ टक्के जास्त. त्याला वाटत होतं, हा आपल्या एकट्याच्या घाईचा किंवा धीराचा प्रश्न आहे. पण नवरा गेल्यावर बायकोला स्वतःची आणि त्याची यांतली मोठी रक्कम मिळते, दोन्ही मिळत नाहीत. नोय नऊ वर्षांनी लहान, आणि तिची आई एक्याऐंशीची ठणठणीत. तो जितका थांबेल तितकी तिच्या म्हातारपणाची सोय. घाई करून व्हरांडा बांधण्यापेक्षा हे मोठं देणं होतं.

आजारपणाचा हिशेब तर उलटासुलटाच निघाला. त्याचं मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा, अमेरिकेबाहेर जवळजवळ चालत नाही, आणि त्यातला डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, म्हणजे पार्ट बी, सोडून पुन्हा घ्यायचा म्हटलं तर प्रत्येक पूर्ण वर्षाला १० टक्के दंड लागतो. नोयचा विमा त्याच्या नोकरीवर, त्याने नोकरी सोडली की तिला पासष्टीपर्यंत वेगळी सोय पाहायची. तिकडे गेलं तर ती थाई नागरिक म्हणून सरकारी आरोग्य योजनेत येते, तो येत नाही. एका घरात राहून एकाच वेळी दोघं निर्धास्त असतील असं गावच सापडेना. निदान आता हे दोघांनाही माहीत होतं. नोयकडे दोन्ही देशांचं नागरिकत्व आहे हे तिचं नशीब. आपल्याकडे भारतीय नागरिकत्व सोडून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यावं लागतं, हा फरक परत जाण्याचा विचार करणाऱ्या मराठी जोडप्यांनीही आधीच तपासावा.

ठरलं ते असं. घर विकायचं नाही, बांधायचंही नाही. रॉबर्टने ६७पर्यंत काम करायचं. भावाशी बोलणी रॉबर्टने करायची नाहीत. नोयने आईच्या नावाने दरमहा एक रक्कम ठरवायची आणि त्यापलीकडे नाही म्हणायचं. ते तिने माझ्यासमोर खुर्चीला भाऊ समजून सहा-सात वेळा म्हणून पाहिलं, तिच्या माहेरच्या ईसान बोलीत. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण पाचव्या वेळी तिची मान ताठ झाली ते दिसलं. पुढे कधी घर बांधलंच, तर जमीन कार्यालयात रॉबर्टच्या नावे तहहयात उपभोगाचा हक्क नोंदवायचा, म्हणजे ती आधी गेली तरी त्याला कुणी बाहेर काढणार नाही. हा मुद्दा तिनेच मांडला.

आणि रॉबर्टने थाई वाचायला शिकायचं. मुलीच्या लहानपणचं अंकलिपीचं पुस्तक त्याने माळ्यावरून काढलं. चव्वेचाळीस व्यंजनं, पहिलं कोंबडीचं. औषधाची चिठ्ठी आणि बसची पाटी स्वतः वाचता आली पाहिजे, एवढं त्याने ध्येय ठेवलं. चौसष्टाव्या वर्षी तो छापखान्यात डबा खाताना कोंबडी काढत बसतो, हे सांगताना नोय माझ्यासमोर पहिल्यांदा मोकळं हसली.

गेल्या हिवाळ्यात बिनपगारी रजा काढून ते आठ आठवडे जाऊन आले. गावात नाही, उदोन शहरात खोली भाड्याने घेऊन. आईकडे जायचं ते पाहुण्यासारखं, ठरवून. तिथून नोयने मला मेल पाठवली. वर लिहिलं होतं, ‘मंगळवार.’

‘साडेपाच. आईकडे. भिक्खूंना भात दिला. सात. रॉबने एकट्याने बस पकडली आणि पाटी वाचली, पण बस दुसऱ्या गावाची निघाली. फोन केला नाही, चालत आला. नऊ. भाऊ आला. हप्ता मागितला. मी नाही म्हटलं. तो गेल्यावर माझे हात थरथरत होते म्हणून मी खलबत्ता घेतला आणि कच्च्या पपईचं सोम तम, म्हणजे कोशिंबीर, कुटलं, खूप तिखट झालं. बारा. आई आणि मी झोपलो. दोन. शेजारणीचा ब्लाउज मापाचा करून दिला. तिने पैसे देऊ केले. मी घेतले. चार. मला माझ्या खिडकीची आठवण आली. सहा. रॉब विचारतो पुढच्या वर्षी दहा आठवडे येऊ का. मी सांगितलं, अजून विचार करते.’