जंगलात गणित कशाला?

*सप्रेम नमस्कार. मी सावंतवाडी तालुक्यातला काजू बागायतदार. मुलगी यंदा दहावी झाली, ९१ टक्के मिळाले. तिला डॉक्टर व्हायचं नाही, इंजिनिअरही नाही. ‘जंगलाचा अभ्यास’ करायचाय म्हणते. शाळेत कुणीतरी पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांविषयी सांगितलं, तेव्हापासून हेच चाललंय. अकरावीच्या अर्जात गणित नको म्हणते. जंगलात गणित कशाला, असा तिचा सवाल. क्लासवाले म्हणतात, गणित सोडा, बायोलॉजी ठेवा, नीट द्या, मग बघू. आमच्याकडे गाडगीळ समितीचं नाव काढलं की अर्धं गाव एका बाजूला, अर्धं दुसऱ्या. मला एवढंच सांगा: गणित सोडू द्यावं का? हे शिकून फॉरेस्ट ऑफिसर होता येतं का? आणि पोटापाण्याचं काय?*
*– एक पालक, जि. सिंधुदुर्ग*

नमस्कार.

गणित सोडू देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण अर्जाला मुदत असते म्हणून हे आधी. बायोलॉजी आणि गणित दोन्ही ठेवता येतात, कॉलेजात तसं विचारा. क्लासवाल्यांचा सल्ला नीटपुरता ठीक आहे, पण तुमची मुलगी नीटच्या वाटेनं जायचंच नाही म्हणते आहे.

तिचा सवाल मात्र चांगला आहे. त्याचं उत्तर तिला गाडगीळांच्याच आयुष्यात सापडेल. जन्म १९४२, पुण्यातला. वडील धनंजयराव नामांकित अर्थतज्ज्ञ, पक्षी बघण्याचा नाद असलेले. फर्ग्युसनमध्ये बीएस्सी, मुंबईला प्राणिशास्त्रात एमएस्सी, मग हार्वर्ड. प्राणिशास्त्र शिकून गेलेला हा मुलगा तिथे गणिताकडे वळला आणि १९६९ साली त्यानं पीएचडी मिळवली ती गणिती इकॉलॉजीत, म्हणजे जीव आणि परिसर यांच्या नात्याचं गणित मांडणाऱ्या शास्त्रात. मार्गदर्शक होते विल्यम बॉसर्ट. दोघांनी मिळून १९७० साली एक निबंध छापला. प्रश्न साधा होता: जिवाकडे असलेली शक्ती त्यानं वाढीवर किती खर्चावी आणि पिलावळीवर किती? काही जीव आयुष्यात एकदाच फुलतात-फळतात आणि मरतात, काही वर्षानुवर्षं फळत राहतात. हे असं का? तुमच्या कुंपणाला कळकाचं, म्हणजे काटेरी बांबूचं, बेट असेल तर लेकीला ते दाखवा. तोही कित्येक वर्षांनी एकदाच फुलतो आणि वाळून जातो. ते कागदावर मांडायचं तर गणिताशिवाय दुसरी भाषा नाही.

जाता जाता, मुलीचे वडील म्हणून हेही ऐका. गाडगीळांच्या पत्नी सुलोचनाबाई यांनी हार्वर्डमध्येच उपयोजित गणितात पीएचडी केली आणि पुढे मान्सूनच्या अभ्यासात मोठं नाव केलं. पावसाचं गणित आणि जंगलाचं गणित एकाच घरात.

१९७१ साली दोघं परत आले. माधवराव पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, रुजू झाले. तिथे वा. द. वर्तक हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्याबरोबर गाडगीळ सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडले. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या लोकांनी त्यांना कळवलं होतं की आमच्या काळकाईच्या राईतली झाडं तोडायला निघालेत, ती वाचवा. राई गेली की आमचा झरा आटेल. हार्वर्डहून आलेल्या माणसानं हे भाबडेपणाच्या खात्यात टाकलं असतं तर आपण कुणी त्याला नावं ठेवली नसती. त्यानं ते जाऊन पाहिलं. १९७६ साली गाडगीळ-वर्तक यांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला, आणि आज देवरायांवर काम करणारा कुणीही त्याच्यापासून सुरुवात करतो. तुमच्या गावची राई मुलीनं लहानपणापासून पाहिलेली असणार. तिच्या भावी शास्त्रातला एक मोठा विषय तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे तिला ठाऊक आहे का?

आता बांबूची गोष्ट. हा धंदा नेमका काय आहे ते पालकांना समजावताना मी हीच सांगतो, दुसरी इतकी चांगली मला सापडलेली नाही.

१९७३ साली गाडगीळ बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. कर्नाटकात तेव्हा बांबू संपत चालला होता. उत्तर कन्नडमध्ये दांडेलीला कागद गिरणी, तिला सरकार बांबू द्यायचं टनाला अवघ्या दीड रुपयानं. सुपं-टोपल्या विणणाऱ्या बुरुडांना मात्र तोच बांबू बाजारभावानं घ्यावा लागे, तोही मिळाला तर. गिरणीवाले आणि वनखातं म्हणे, गावकरी तोडतात, गुरं चारतात, म्हणून बांबू जातो. गावकरी म्हणत, गिरणी खाते. सरकारनं गाडगीळांना सांगितलं, अभ्यास करून सांगा.

कळकाच्या बेटाला बुडाशी काट्यांचं जाळं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. गिरणीची माणसं बेट ‘साफ’ करायची. काटे काढले की बेट मोकळं होतं, बांबू सरळ वाढतो, अशी त्यामागची शास्त्रीय म्हणवली जाणारी समजूत. गावकरी म्हणत, अहो, काटे काढलेत तर कोवळे कोंब उघडे पडतील आणि गुरं-जनावरं खाऊन टाकतील. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी काय करत होते? बेटं निवडायची, त्यांना नंबर द्यायचे, पावसाळ्यात किती वास्ते, म्हणजे नवे कोंब, वर आले ते मोजायचे, त्यातले किती जगले ते पुन्हा येऊन मोजायचे, काटे असलेल्या आणि काढलेल्या बेटांची तुलना करायची. असं पावसाळ्यामागून पावसाळे. निघालं काय, तर गावकऱ्यांचं खरं होतं. सुधारणा म्हणून जे केलं जात होतं तेच बेटांच्या मुळावर आलं होतं.

गावकऱ्यांना जे ठाऊक होतं ते सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा, असं तुम्ही विचाराल. गावकऱ्याचं म्हणणं दप्तरात जात नाही म्हणून. मोजलेला आकडा जातो. आणि तो आकडा कच्चा निघाला तर समोरचा पहिल्या बैठकीतच त्याची चिंधी करतो. त्यासाठी गणित, विशेषतः संख्याशास्त्र. हे एवढं मुलीला माझ्या नावानं वाचून दाखवा.

तुमचा दुसरा प्रश्न, फॉरेस्ट ऑफिसरचा. दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती सर्रास एक धरतात. भारतीय वन सेवेत यूपीएससीतून जातात, वनक्षेत्रपाल एमपीएससीतून होतो. ते प्रशासन आहे: गुन्हे, परवाने, रोपवाटिका, अतिक्रमणं, बदल्या, आणि रात्री-अपरात्री वाजणारा फोन. चांगलं काम आहे, करणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. जंगलाचा अभ्यासक मात्र एकाच प्रश्नामागे दहा-दहा वर्षं जातो आणि त्याच्या हातात कसलाही अधिकार नसतो. तुमची मुलगी यातलं काय म्हणते आहे ते तिला विचारा. मी एकदा एका मुलाला उत्साहाच्या भरात वनशास्त्राला पाठवलं. त्याला गणवेश आणि जीप हवी होती, ते मी विचारलंच नाही. पहिल्याच पावसाळी शिबिरातून जळवा झटकत तो परत आला आणि आता बँकेत सुखात आहे. चूक माझी.

आता गावातल्या दोन बाजूंविषयी. अधिकार नसलेल्या माणसाचा प्रभाव किती असतो? निलगिरी जीवावरण राखीव क्षेत्र, देशातलं पहिलं, १९८६ साली झालं, त्याच्या आखणीत गाडगीळ होते. गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्यांची, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद ठेवण्याची, कल्पना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रुजवली. २००२च्या जैवविविधता कायद्यानंतर ती सरकारी कामाचा भाग झाली. तुमच्या ग्रामपंचायतीतही अशी वही असायला हवी, मुलीला घेऊन जाऊन बघा. मग २०१०ची पश्चिम घाट समिती, गाडगीळांच्या अध्यक्षतेखालची, तुमच्या गावात जिच्यावरून दोन बाजू पडतात ती. ऑगस्ट २०११मध्ये अहवाल गेला, आणि लोकांसमोर आला २०१२च्या मे महिन्यात, तोही माहिती अधिकाराच्या लढाईनंतर. लगेच दुसरी समिती नेमली, कस्तुरीरंगन यांची. गाडगीळांनी सबंध घाट पर्यावरणदृष्ट्या कमीअधिक संवेदनशील अशा तीन पट्ट्यांत धरला होता, दुसऱ्या समितीनं सुमारे ३७ टक्के भाग धरला.

अहवाल बरोबर की चूक हे मी सांगणार नाही, तुम्ही त्या मातीत राहता. पण दोन गोष्टी तुमच्या कट्ट्यावर फारशा बोलल्या जात नसतील. एक, पट्ट्यांच्या सीमा ग्रामसभांशी बोलून मग पक्क्या कराव्यात असं त्या अहवालातच म्हटलं होतं. आणि दुसरी, तुमच्याच जिल्ह्यातल्या २५ ग्रामसभांनी आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव केले होते, खाणी नकोत म्हणून. मुलीनं हा अहवाल स्वतः वाचावा. आवडला नाही तरी चालेल. वाचून विरोध करणारा माणूस या विषयात फार कमी भेटतो. आणि हेही तिच्या लक्षात येऊ द्या की चाळीस वर्षांचं काम घेऊन गेलेल्या माणसाचा अहवालही बाजूला ठेवला जाऊ शकतो. टाळ्यांची सवय लागलेल्या मुलांना हे झेपत नाही.

पोटापाण्याचं आता सरळ सांगतो. हा लांबचा पल्ला आहे. पदवी, एमएस्सी, पीएचडी धरून वयाची तिशी येते. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, पुढे ४२,०००. तेवढ्यात संसार चालतो, बंगला होत नाही. कायम नोकऱ्या थोड्या: विद्यापीठं, संशोधन संस्था, काही स्वयंसेवी संस्था. खाणी-धरणांचे पर्यावरण अहवाल करणाऱ्या कंपन्या पैसे बरे देतात. तिथे कधी कधी अहवालाचा शेवट आधी ठरलेला असतो, एवढंच सांगून मी तो विषय सोडतो. तुमची काजूची बाग आहे, मुलीच्या कमाईवर घर अवलंबून नाही, ही मोठी जमेची बाजू धरा.

वाटा तीन-चार आहेत. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे, चार वर्षांची पदवी, घरापासून त्यातल्या त्यात जवळ. पुण्याची आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था, तिच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्नांतले १५ गणिताचे असतात, हेही क्लासवाल्यांना ऐकवा. नाहीतर साधी वनस्पतिशास्त्राची बीएस्सी, चांगल्या शिक्षकांच्या कॉलेजात. मला स्वतःला हाही मार्ग कमी वाटत नाही. एमएस्सीसाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगलोरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्रातला वन्यजीवशास्त्राचा अभ्यासक्रम. तिथे वर्षाआड मोजकीच मुलं घेतात. ते आज ठरवायची गरज नाही.

आज एकच करा. पाऊस जरा उघडला की गावकर-मानकऱ्यांना विचारून, चपला बाहेर काढून, मुलीला राईत घेऊन जा. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन पावलांनी आणि टेपनं आखू दे. दोरी बांधायची नाही, फांदी मोडायची नाही, खिळा तर मुळीच नाही. आतल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजून वहीत लिहायचा. नाव येत नसेल तर तुमच्या आईला किंवा गावातल्या जाणत्या म्हातारीला विचारायचं आणि ती सांगेल ते मालवणी नाव तसंच टिपायचं. जमिनीवरची बोटभर रोपंही मोजायची. खरी गंमत तिथे आहे. मग दिवाळीच्या सुट्टीत त्याच चौकोनात परत जाऊन पहिल्यापासून सगळं पुन्हा मोजायचं, आणि किती रोपं टिकली ते काढायचं.

पहिल्या वेळी सगळ्यांनाच मजा येते. दुसऱ्या वेळी तिचा चेहरा कसा होता ते मला कळवा, आणि वहीच्या दोन्ही पानांचे फोटो पाठवा.