वाचकांचे प्रश्न : सिंहासनाभोवतीच्या कादंबऱ्या

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुट्टीत निवांत वाचता येतील अशा ऐतिहासिक कादंबऱ्या सुचवाव्यात. ‘छावा’ आणि ‘राऊ’ वाचून झाल्या आहेत. लढायांच्या वर्णनांपेक्षा दरबारातील डावपेच, वारसाहक्काचे तंटे आणि कारस्थाने यांत मला अधिक रस आहे. इंग्रजी पुस्तकेही चालतील.

उत्तर : दरबारी कारस्थानाच्या कादंबरीपुढे एक अडचण असते : गादीवर अखेर कोण बसले, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. त्यामुळे तिची पकड कोणाला काय कळले, केव्हा कळले आणि कोणी काय दडवून ठेवले यावरच अवलंबून राहते. म्हणूनच गादीच्या अगदी जवळ असूनही तिच्यावर बसू न शकणाऱ्या माणसाची, म्हणजे कारभारी, काका, राणी किंवा वकील यांची कथा खुद्द राजाच्या कथेपेक्षा बहुधा अधिक रंगते. पुढील निवड याच दृष्टीने केली आहे.

‘राऊ’ आपण वाचली आहे, तेव्हा ना. सं. इनामदारांच्याच ‘झेप’पासून सुरुवात करावी. तिचा नायक त्रिंबकजी डेंगळे हा दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू कारभारी. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला, इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्याचा ठपका त्रिंबकजीवर ठेवला आणि पेशव्याला आपलाच माणूस इंग्रजांच्या हवाली करणे भाग पडले. पुढच्याच वर्षी तो ठाण्याच्या किल्ल्यातील कैदेतून निसटला. संशय, दबाव, विश्वासघात आणि पलायन हा सारा ऐवज इतिहासानेच आयता पुरवलेला असल्यामुळे लेखकाला ओढूनताणून रहस्य निर्माण करावे लागत नाही. त्यानंतर लगेच ‘मंत्रावेगळा’ घ्यावी. तिच्यात खुद्द दुसरा बाजीराव केंद्रस्थानी आहे आणि एरवी केवळ पळपुटा म्हणून हेटाळल्या गेलेल्या या पेशव्याकडे इनामदार सहानुभूतीने पाहतात. ते पटेलच असे नाही. परंतु या दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या म्हणजे एकच दरबार दोन बाजूंनी पाहता येतो.

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) अनेकांना माधवराव आणि रमाबाई यांच्या सहजीवनासाठी आठवते. आपण ती राघोबादादांवर लक्ष ठेवून वाचावी, असे मला वाटते. पुतण्या गादीवर आणि काका कारभारात, घर एक आणि महत्त्वाकांक्षा दोन, अशा अवस्थेत साधे कौटुंबिक संभाषणही राजकारण होऊन बसते. भावनेचा सूर मात्र काही ठिकाणी गरजेपेक्षा वर जातो.

जुनी, संथ भाषा चालत असेल तर हरि नारायण आपटे यांची ‘चंद्रगुप्त’ वाचावी. नंदांच्या राजवाड्यात मुरादेवीच्या मनात धुमसणारा सूड आणि चाणक्याची थंड डोक्याने आखलेली योजना यांची सांगड हरिभाऊंनी घातली आहे. ‘पानिपत’ मी मुद्दाम वगळली. ती थोर कादंबरी आहे, पण तिचे बळ रणांगणावर आहे.

इंग्रजीत हिलरी मँटेल यांच्या ‘वुल्फ हॉल’ला (२००९) तोड नाही. लोहाराच्या घरात जन्मलेला टॉमस क्रॉमवेल इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा सर्वांत प्रभावी मंत्री कसा झाला, हे तिच्यात त्याच्याच नजरेतून दिसते. पहिली पन्नासेक पाने चिकाटीने वाचावी लागतात, कारण निवेदन वर्तमानकाळात आहे आणि नाव न घेता नुसते ‘तो’ म्हटले की तो बहुतेक वेळा क्रॉमवेलच असतो. सुरुवातीला दिलेली पात्रांची यादी आणि वंशावळी यांपाशी खूण ठेवावी. हेन्रीची राणी ॲन बोलिन हिच्या पतनाची कथा सांगणारा दुसरा भाग, ‘ब्रिंग अप द बॉडीज’, आकाराने लहान आणि वेगाने अधिक आहे. या दोन्ही भागांना बुकर पारितोषिक मिळाले.

एवढा पसारा नको असेल तर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांची ‘आय, क्लॉडियस’ (१९३४) निवडावी. तोतरा, लंगडा आणि म्हणून मंद समजला गेलेला क्लॉडियस रोमच्या राजघराण्यातील एकामागून एक मृत्यू पाहतो आणि त्याला कोणी धोका मानत नाही, म्हणूनच जिवंत राहतो. नावांचा गुंता बराच आहे, परंतु निवेदकाची तिरकस विनोदबुद्धी वाचकाला पुढे नेते.

प्रश्न : अशा कादंबऱ्यांतील इतिहास कितपत खरा मानावा?

उत्तर : घटना आणि तारखा यांबाबत चांगला लेखक सहसा कागदपत्रांना धरून असतो, बंद दाराआडचे संभाषण मात्र जवळजवळ नेहमीच त्याचे स्वतःचे असते. ग्रेव्ह्ज यांची लिव्हिया, म्हणजे सम्राट ऑगस्टसची पत्नी आणि क्लॉडियसची आजी, विषप्रयोगात निष्णात आहे; तिच्याविषयीचा संशय टॅसिटससारख्या प्राचीन इतिहासकारांत आढळत असला, तरी आजचे अनेक अभ्यासक तो पुराव्याने सिद्ध झालेला मानत नाहीत. त्रिंबकजीच्या बाबतीतही एल्फिन्स्टनचा अहवाल ही एका पक्षाची बाजू आहे आणि ‘झेप’ ही कादंबरी आहे, हे दोन्ही ध्यानात ठेवावे. कादंबरी आधी वाचावी आणि एखाद्या प्रसंगाविषयी शंका आली तर त्या काळावरील इतिहासग्रंथाकडे वळावे. उलट क्रमाने वाचल्यास पानोपानी चुका शोधण्यातच सुट्टी संपते.