पोहता येतं ना, मग जॅकेट कशाला?

सुट्ट्या जवळ आल्या की या सदरात प्रवासाचे प्रश्न येतात. यावेळी चार पत्रं पाण्याबद्दलचीच निघाली, म्हणून एकत्रच घेतोय. माझी सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममधे झाली, त्यामुळे लोकांना वाटतं मला बोटीतलं सगळं कळतं. तसं काही नाही, पण विचारलंत तर सांगतो.

प्रश्न : मुलगा कॅनडात ओंटारिओला असतो. जूनमधे आम्ही दोघं जातोय. तो वीकेंडला तलावावर मोटरबोट भाड्याने घेतो, म्हणतो बाबा तुम्हीपण चालवा. पण तिथे म्हणे कार्ड लागतं, माझ्याकडे तर बडोद्याचं गाडीचं लायसन तेवढं आहे. आणि तेरा वर्षांचा नातू चालवतो ते चालतं का? – एक आजोबा, दांडिया बाजार

काका, गाडीचं लायसन पाण्यावर कामाचं नाही. कॅनडात इंजिन असलेली हौशी बोट कोणीही चालवायची तर प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड लागतं, २००९ पासून सगळ्या वयांना. नुसतं बसणाऱ्याला काही लागत नाही, म्हणजे काकूंना टेन्शन नाही. कोर्स ऑनलाइन होतो, मग पन्नास प्रश्नांची परीक्षा, पंचाहत्तर टक्के मिळाले की पास, आणि कार्ड एकदा मिळालं की जन्मभर, रिन्यू वगैरे भानगड नाही. भाड्याच्या बोटीला एक सोय आहे. देणारा तुमच्याबरोबर एक चेकलिस्ट भरून घेतो, ती दोघांनी सही केली की तेवढ्या भाड्यापुरती तीच चालते. फक्त घाईघाईत सही ठोकू नका, त्याला प्रत्येक गोष्ट हात लावून दाखवायला सांगा.

नातवाचं म्हणाल तर, बारा ते सोळाच्या आतल्या मुलाला कार्ड असेल तर एकट्याने चाळीस हॉर्सपॉवरपर्यंतची बोट चालवता येते. जेट-स्की मात्र सोळा पूर्ण झाल्याशिवाय नाही, बरोबर बाबा बसला असला तरी नाही. त्यावरून रुसवा होणार, तयारी ठेवा. आणि बीअर पिऊन बोट चालवणं तिथे गाडी पिऊन चालवण्यासारखाच गुन्हा आहे, हे मुलाला माहीत असेलच, तरी तुम्ही बोला.

आता खरी गंमत. कार्ड मिळतं लेखी परीक्षेवर, प्रत्यक्ष बोट चालवून कोणी बघत नाही. समोरून बोट आली तर नियम असा की दोघांनीही आपल्या उजवीकडे वळायचं. आपण आयुष्यभर रावपुऱ्यातून डावीकडून स्कूटर काढलेली माणसं, समोरून कोणी आलं की हात आपोआप डावीकडे जातो. मी स्वतः भाच्याच्या बोटीवर हेच केलं, पुस्तकात नियम पाठ होता तरी, आणि समोरचा गोरा माणूस जे काही ओरडला ते इथे छापता येणार नाही. म्हणून मोकळ्या पाण्यात अर्धा तास नुसतं वळणं आणि थांबणं करा, बोटीला ब्रेक नसतो हे तिथेच कळतं. बोयांचंही, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचंही तसंच, तिकडे समुद्राकडून आत येताना लाल बोया उजव्या हाताला ठेवतात, आपल्या भारतात नेमकं उलट, लाल डावीकडे. इथलं शिकून गेलात तर चुकाल.

आणि स्टिअरिंगजवळ एक लाल पिळदार दोरी लोंबत असते, टेलिफोनच्या वायरसारखी. तिचं एक टोक इंजिनाच्या स्विचला, दुसरं तुमच्या लाइफ जॅकेटला किंवा मनगटाला अडकवायचं. तुम्ही पाण्यात पडलात की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद. नाही अडकवली तर रिकामी बोट गोल फिरत परत तुमच्याच अंगावर येते, पंख्यासकट. अमेरिकेत छोट्या बोटींना २०२१ पासून ही दोरी सक्तीची केलीय. कॅनडात असो, कुठेही असो, पहिली ती शोधा.

प्रश्न : नातीच्या शाळेची पिकनिक तलावावर आहे. हरणीचं झाल्यापासून माझ्या छातीत धस्स होतं. सून म्हणते आई तुम्ही उगीच घाबरता. पाठवू की नको? – एक आजी, कारेलीबाग

आजी, तुम्ही उगीच घाबरत नाही. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या बडोद्यातल्या हरणी तलावात होडी उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नाही. आणि आपल्या पिढीला तर सुरसागरचं १९९३ पण आठवतं, बावीस माणसं, तेव्हाही होडी भरलेलीच. दोन्ही तलाव भर गावात, काठावरून माणसं बघतायत आणि तरी.

पाठवू नका असं मी म्हणणार नाही, पण सुनेला एवढं करायला सांगा की शाळेत जाऊन विचारायचं, होडीत किती बसतात हे होडीवर लिहिलंय का, आणि आमची किती मुलं एका फेरीत बसवणार. "ॲडजस्ट करून घेऊ" असं उत्तर आलं तर नातीला त्या दिवशी ताप आणा. होडीवरचा आकडा मोठ्या माणसांचा धरलेला असतो, मुलं हलकी म्हणून दोन जास्त बसवू असं लोक करतात, पण मुलं एका जागी बसत नाहीत हो, कोणीतरी मासा दिसला ओरडलं की सगळी एकाच बाजूला धावतात आणि होडी नुसत्या वजनाने नाही, वजन सरकल्याने कलंडते. थोडं पाणी आत आलं की ते पाणीपण त्याच बाजूला धावतं.

जॅकेटचं घरीच शिकवा. नात जॅकेट घालून उभी राहिली की दोन्ही खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत वर आलं आणि हनुवटी आत गेली तर ते तिच्या मापाचं नाही किंवा पट्टे सैल आहेत, पाण्यात तस्संच होणार, जॅकेट वर तरंगेल आणि मूल खाली सरकेल. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून घ्यायचा पट्टा असतो, तो बहुतेक वेळा मागे लोंबत असतो कारण लावायला कंटाळा येतो. तो लावायचा. अगदी साधं आहे पण कोणी करत नाही.

प्रश्न : ऑनलाइन हवा भरायची कयाक, म्हणजे छोटी वल्ह्याची होडी, स्वस्तात मिळतेय, पुढे छोटं इंजिन पण लावायचा विचार आहे. भारतात लायसन लागतं का? विश्वामित्री नदीत ट्राय करू का? – एक इंजिनिअरिंगवाला, मांजलपूर

विश्वामित्रीत? भाऊ, मगरी आहेत रे. नको.

इंजिन लावलंस की तू इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ खाली येतोस, जुना १९१७ चा कायदा जाऊन हा आला. त्यात होडीची नोंदणी, तपासणी, विमा आणि चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र सगळं आहे, अंमल राज्य सरकारचा. नुसत्या वल्ह्याच्या होडीसाठी कायद्यात वेगळा भाग आहे. म्हणजे इंजिन आधी घेऊन मग विचारायचं असं करू नकोस. पाणीही कोणाचं तरी असतंच, आजवा तलाव म्हणजे आपल्या गावाचं पिण्याचं पाणी, तिथे परवानगीशिवाय कयाक सोडशील तर मगरीआधी वॉचमन भेटेल.

शिकायचंच असेल तर गोव्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स आहे, केंद्राच्या पर्यटन खात्याखालचं, ग्वाल्हेरच्या आयआयटीटीएम या पर्यटन शिकवणाऱ्या संस्थेची शाखा. तिथे पॉवरबोट, टिलर बोट (मागच्या दांड्याने वळवायची) आणि जीवरक्षक असे कोर्स होतात, आणि तिथे खरोखर पाण्यात उतरवतात. शिडाची आवड असेल तर भोपाळला मोठ्या तलावावर नॅशनल सेलिंग स्कूल आहे, आपल्याकडून एका रात्रीची गाडी.

प्रश्न : मी नर्मदेत पोहत मोठा झालो. तरी बायको म्हणते चांदोदला होडीत बसताना जॅकेट घाला. लोक हसतात. – रावपुरा

वहिनी बरोबर आहेत. अमेरिकेचं कोस्टगार्ड दरवर्षी हौशी बोटींच्या अपघातांचा हिशोब काढतं, त्यात बुडालेल्या दहातल्या आठ-नऊ जणांच्या अंगावर जॅकेट नसतं. त्यात पोहता येणारेही असतातच. होडी उलटते तेव्हा डोक्याला फळी लागते, अंगावर कपडे असतात, शेजारचा गळ्याला मिठी मारतो, कसलं पोहताय.

गेल्या वर्षी मावशीच्या अस्थी घेऊन आम्ही चांदोदला गेलो होतो. नाववाल्याकडे जॅकेटं होती, बाकड्याखाली कोंबलेली, ओली, शेवाळलेली. मी एक ओढून काढलं तर तो म्हणाला, "कांई नहि थाय, काका." मी घातलं. मग भाऊ हसत हसत दुसरं काढायला वाकला, त्याचा बेल्टच तुटलेला निघाला, तिसऱ्याचाही. शेवटी सात जणांत चार जॅकेटं धड निघाली. आम्ही तीन जण काठावरच थांबलो, मीपण, माझं जॅकेट भाचीला दिलं. गुरुजी घड्याळ बघत होते पण दुसरी फेरी झाली.