सूर-संवाद : स्वप्नाळू कोरियन युगुलगीत

प्रश्न : सुझी आणि बेकह्यून यांचे ‘ड्रीम’ हे कोरियन युगुलगीत माझी मुलगी सतत ऐकते. भाषा कळत नसूनही ते इतके स्वप्नाळू का वाटते?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या या गीताची चाल जॅझच्या वळणाची आहे. जॅझमध्ये साध्या स्वरमेळात (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गटात, म्हणजे ‘कॉर्ड’मध्ये) सातव्या स्वराची भर घालतात, त्यामुळे तो स्वरमेळ पुरता स्थिरावत नाही आणि ऐकणारा सुखद अधांतरी राहतो. त्यातच लय संथ आणि आवाज इतके हलके, की गाणारे कानाशीच बोलत आहेत असा भास होतो. दोघेही एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत (आपल्याकडच्या युगुलगीतांत हा मोह फार!), हा संयम मला सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र हे गीत हेडफोनवर ऐकावे. कॉलेज रोडच्या गोंगाटात मोबाइलच्या स्पीकरवर त्यातले निम्मे बारकावे हरवतात.