ज्या ठेवीची बातमी होत नाही

चोपडा तालुक्यातल्या एका शिक्षकांचं पत्र आहे. वय 44. इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, दरमहा 12,000 रुपयांची एसआयपी (ठरावीक हप्ता) होती, साठ हप्ते भरून झाले आणि पाच महिन्यांपूर्वी बंद केली. ते लिहितात, ‘रोज संध्याकाळी टीव्हीवर एकच, बाजार कोसळला, लाखो कोटी बुडाले. अर्थव्यवस्था बसली असं शाळेतही सगळे म्हणतात. माझे दीड लाख गेले. उरलेले साडेदहा लाख काढून जळगावला सोनं घेऊ का? मुलीच्या शिक्षणाला पैसे आठ वर्षांनी लागतील.’ पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘केळीचे 9 लाख इथल्या पतसंस्थेत 11 टक्क्यांनी ठेवलेत. एजंट म्हणाला बँकेसारखंच आहे, चेअरमनही ओळखीचे, त्यामुळे तिकडची काळजी नाही.’

सर, मला काळजी आहे ती याच ओळीची. पण आधी विचारलेलं निकालात काढू.

तुम्ही भरले 7 लाख 20 हजार, आज आहेत साडेदहा लाख. मध्यंतरी 12 लाख दिसत होते, ते आता दिसत नाहीत एवढंच. आज सगळं विकलंत तर 3 लाख 30 हजारांच्या नफ्यातले सव्वा लाख वगळून उरलेल्यावर साडेबारा टक्के कर, म्हणजे साधारण 25 हजार. सोन्यावर 3 टक्के जीएसटी, तो 30 हजार. दागिने केलेत तर घडणावळ वेगळी. एका दिवसात 55 हजार गेले. सोनं खात्रीचं वाटतं, कारण सध्या उच्चांकाच्या बातम्या कानावर येतात. 2012 साली 10 ग्रॅमला साधारण 31 हजार मोजावे लागत होते आणि 2018 सालीही जवळपास तेवढेच. ती सहा वर्षं आज कुणाला आठवत नाहीत.

म्हणून विकू नका, एसआयपी पुन्हा सुरू करा. फंडाचं एक युनिट, म्हणजे एक वाटा, समजा 100 रुपयांना असताना 12 हजारांत 120 मिळत होते, 88 झाल्यावर 136 मिळतात. जास्तीचे सोळा युनिट मिळू लागले आणि नेमके तेव्हाच तुम्ही थांबलात.

‘सेन्सेक्स (मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक) हजार अंकांनी कोसळला’ हे ऐकलं की आधी टक्के काढा. 80 हजारांवर हजार अंक म्हणजे सव्वा टक्का. 10 हजारांवर असता तर 10 टक्के. मथळा दोन्ही वेळा तोच राहतो. 4 जून 2024 ला लोकसभा निकालाच्या दिवशी 4,390 अंक गेले, पावणेसहा टक्के. 7 जूनला निर्देशांक नव्या उच्चांकावर बंद झाला. आणि शाळेत चालतं ते बोलणं? रिझर्व्ह बँक कुटुंबांना परिस्थिती कशी वाटते ते विचारून निर्देशांक काढते, 100 च्या खाली गेला की निराशा जास्त. मे 2021 मध्ये तो 48.5 वर आला, तोवरचा नीचांक. लोक खोटं बोलत नव्हते, कोरोनाची दुसरी लाट होती, रोजगार गेले होते. पण त्याच महिन्याअखेर सेन्सेक्स 52 हजारांच्या आसपास होता, मार्च 2020 च्या 26 हजारांच्या दुप्पट. लोकांचा धीर आणि शेअरचा भाव एका दावणीला बांधलेले नसतात.

बातम्या बघूच नका असं मी म्हणत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काही काळासाठी काढलं. घरचा कापूस असणाऱ्याने ती बातमी जरूर वाचावी, कारण ती थेट त्याच्या भावाला भिडते.

आता पतसंस्था. सेन्सेक्सचा आकडा क्षणाक्षणाला बदलतो म्हणून त्याची रोज बातमी होते. पतसंस्थेची थकबाकी वर्षातून एकदा लेखापरीक्षण अहवालात येते आणि तो कुणी उघडत नाही. तिची बातमी होते ती थेट पैसे मिळेनासे झाल्यावर. जळगाव जिल्ह्यात ठेवीदारांनी आपल्याच पैशांसाठी वर्षानुवर्षं खेटे घातलेत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

‘बँकेसारखंच’ हे साफ चूक आहे आणि असं सांगून ठेव घेणाऱ्याचा मला संताप येतो. बँकेत एका ठेवीदाराची व्याजासह 5 लाखांपर्यंतची ठेव विम्याखाली असते. पतसंस्थेला तो विमा नाही, एक रुपयाचाही नाही. 11 टक्के द्यायचे तर संस्थेने 14-15 टक्क्यांनी कर्ज वाटायला हवं. त्या दराने कर्ज बहुतेक तोच घेतो ज्याला बँकेने दारातून परत पाठवलंय. बँकेत 7 टक्के धरले तरी तुमची जास्तीची कमाई वर्षाला 36 हजार. मुद्दल बुडालं तर ते भरून यायला अशी पंचवीस वर्षं लागतील. चेअरमन सज्जन असतीलही. कर्जदारांचं काय?

या आठवड्यात संस्थेत जाऊन ताजा लेखापरीक्षण अहवाल मागा. सभासद म्हणून तो तुम्हाला मागता येतो. लेखापरीक्षणात संस्थेला मिळालेला वर्ग ‘अ’ आहे का, थकबाकी किती टक्के, मोठी कर्जं संचालकांच्या नात्यात गेलीत का, एवढं बघा. अहवाल उत्तम निघाला तरी लाखभराच्या वर तिथे ठेवू नका. मुदत तीन महिन्यांत संपत असेल तर थांबा, मात्र नूतनीकरणाच्या कागदावर सही नको. मुदत लांब असेल तर आजच मोडा, व्याज कमी मिळालं तरी चालेल. रक्कम बँक खात्यात वळती करून घ्या आणि दोन वेगळ्या बँकांत साडेचार लाखांच्या आत विभागा. एकाच बँकेच्या दोन शाखा घेऊ नका, विम्यासाठी त्या एकच धरतात.

‘दोन महिने थांबा सर’ असं उत्तर आलं, तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि त्याची प्रत सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडे द्या. संस्था बहुराज्यीय असेल तर तिचा निबंधक दिल्लीत असतो. पावतीवरचा नोंदणी क्रमांक आधी वाचून घ्या.