टीएसएच सारखा वाढतोय आणि पोटही बिघडलंय, तर आधी पोटाकडे बघा

तुमचं एकंदर असं दिसतंय की थायरॉइड कमी आहे, बरीच वर्षं गोळी चालू आहे, पोट साफ होत नाही, फुगतं, ॲसिडिटीची गोळी रोज घेताय, टीएसएच (थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की रक्ततपासणीत वाढणारा आकडा) वाढून येतोय म्हणून डोस वाढवला तरी बरं वाटत नाही आणि आता वैतागून गहू बंद करायचा विचार आहे. मला हाशिमोटो (आपलीच इम्युनिटी थायरॉइडवर हल्ला करते तो आजार) आहे आणि पोटाची कटकट तर त्याच्याही आधीपासूनची, त्यामुळे हे सगळं चांगलंच ओळखीचं आहे. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं एवढं मात्र इतक्या वर्षांत कळलंय.

थायरॉइडमुळे पोट बिघडतं का? बिघडतं. हार्मोन कमी पडलं की आतड्यांची हालचाल मंदावते, मग बद्धकोष्ठता, गॅस, थोडं खाल्लं तरी जड वाटणं हे सगळं आलंच. हार्मोन जास्त झालं तर उलट, दिवसातून चारदा पळावं लागतं. पण टीएसएच रेंजमध्ये येऊन काही महिने झाले आणि पोट आहे तसंच आहे, तर ते थायरॉइडच्या नावावर खपवू नका आणि दुसऱ्या कुणाला खपवूही देऊ नका. "थायरॉइड आहे ना, मग असं होणारच" या एका वाक्यापायी कितीतरी लोकांच्या पोटाची तपासणीच राहून जाते.

आता उलटी बाजू, जी सहसा कुणी सांगत नाही. पोटामुळे थायरॉइडची गोळी बिघडते. ही गोळी आधी पोटातल्या ॲसिडमध्ये नीट विरघळावी लागते आणि मग लहान आतड्यात शोषली जाते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल अशा गोळ्या ॲसिडच कमी करतात, मग थायरॉइडची गोळी रोज न चुकता घेऊनही रक्तात कमी पोचते आणि टीएसएच चढतो. लोक म्हणतात दोन्हींत अंतर ठेवा, पण या गोळ्यांच्या बाबतीत अंतराने फारसं काही साधत नाही, कारण त्यांचा परिणाम दिवसभर टिकतो. अंतराचा उपयोग होतो तो कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीचं पातळ औषध, सुक्राल्फेट यांच्या बाबतीत, कारण ती थायरॉइडच्या गोळीला आतड्यात चिकटून बसतात. तिथे ४ तास सोडायचेच. कॉफीसुद्धा गोळीबरोबर नको, गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि नाश्त्याच्या आधी ३० ते ६० मिनिटं.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा की ॲसिडिटीची गोळी मला अजून लागते का, कशासाठी आणि किती दिवस. एकदा दोन आठवड्यांसाठी म्हणून लिहून दिलेली गोळी लोक वर्षानुवर्षं घेत राहतात, मधे कुणी विचारतच नाही. पण आपल्या मनाने एकदम बंद करू नका, एकदम सोडली की काही दिवस ॲसिड उसळी मारतं आणि माणूस घाबरून परत सुरू करतो. आणि ती गोळी खरंच लागत असेल तर घ्या की, त्या हिशोबाने थायरॉइडचा डोस ठरवतात.

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचीही तपासणी होऊ दे. तो पोटात असला तरी थायरॉइडचा डोस जास्त लागू शकतो. मात्र त्यावर उपचार झाले किंवा ॲसिडिटीची गोळी सुटली की तोच डोस अचानक जास्त होऊ शकतो, धडधड, जुलाब, झोप उडणं वगैरे. तेव्हा असा काही बदल झाला की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच परत बघायचा, त्याआधी नाही, आकडा स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच.

गव्हाबद्दल, प्लीज थांबा. हाशिमोटोवाल्यांमध्ये सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) इतरांपेक्षा जास्त आढळतो हे खरं आहे, पण त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. आधीच बंद केला तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो आणि मग खरं काय ते शोधायला पुन्हा गहू सुरू करावा लागतो, तो ताप वेगळाच. टीटीजी आयजीए आणि सोबत टोटल आयजीए, एवढं करून घ्या. सीलिॲक नसताना थायरॉइडसाठी म्हणून सगळ्यांनीच गहू सोडावा याला माझ्या मते भक्कम आधार नाही, पोटाला बरं वाटत असेल तर गोष्ट वेगळी.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. थायरॉइडवर हल्ला करणारी इम्युनिटी काही जणांच्या पोटाच्या अस्तरावरही हल्ला करते. त्यात ॲसिड बनणंच कमी होतं, पण पोट जड वाटतं, ढेकर येतात, म्हणून आपल्याला वाटतं ॲसिडिटी वाढली आणि आपण ॲसिड अजून कमी करत बसतो! लोह आणि बी-१२ दोन्ही खाली जातात, थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात आणि सगळं खापर थायरॉइडवर. लोहाच्या गोळ्या घेऊनही फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) हलत नसेल तर डॉक्टरांपुढे हा विषय नक्की काढा. सीबीसी, फेरिटिन, बी-१२ तर कराच. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगून तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर थायरॉइडचे आकडेच चुकीचे येऊ शकतात.

सकाळी सगळ्या गोळ्यांची गर्दी होत असेल तर थायरॉइडची गोळी रात्री झोपताना घेता येते, जेवणानंतर निदान ३ तासांनी. मी तशीच घेते. पण रात्री इसबगोल घेत असाल तर ते जमायचं नाही, कारण त्यानेही गोळी कमी शोषली जाऊ शकते; दोघांपैकी एकाची वेळ बदला आणि ती बदलताना डॉक्टरांच्या कानावर घाला.

शौचातून रक्त, काळी शौच, कारण नसताना वजन उतरणं, गिळायला त्रास, पोटदुखीने रात्री जाग येणं, यातलं काहीही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी पोटाच्या डॉक्टरांना गाठा. नसेल तर पुढच्या भेटीला एका कागदावर कुठली गोळी किती वाजता, कशाबरोबर घेता ते सगळं लिहून न्या, व्हिटॅमिनं आणि चूर्णंसुद्धा. डोस पुन्हा वाढवायच्या आधी तो कागद त्यांच्यासमोर ठेवा.